काही न घडल्याची पाटी

गल्लीच्या तोंडाला, विजेच्या खांबाला बांधलेल्या फ्लेक्सवर गौतमी हसत होती. जिवंतपणी जिनं फोटोत कधी दात दाखवले नाहीत, तिला फ्लेक्सवाल्यानं कुठून हसवलं कोण जाणे! ललिताअक्का हातातली पिशवी खाली ठेवून बघतच राहिली. पाठची बहीण, जिला कडेवर घेऊन ती ह्याच दौंडमध्ये शेंबूड पुसत हिंडली, ती आता माणसापेक्षा मोठी होऊन खांबावर चढली होती. खाली पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं: 'रेल्वे रिझर्वेशन कॉम्प्युटरच्या निर्मात्या, दौंडचा अभिमान, कालकथित डॉ. गौतमी सावळाराम ओहोळ. प्रथम स्मृतिदिन.'

अक्काला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं काय? कारेगावच्या तिच्या खानावळीत जेवणाऱ्या कंपनीतल्या पोरांना ती वर्षानुवर्षं हेच सांगत आली होती. बिहारचा एखादा छठला गावी जायचं तिकीट मिळेना म्हणून तोंड पाडून बसला, की अक्का पोळी वाढता वाढता ठसक्यात म्हणायची, "अरे, वो मशीन मेरी बहन ने बनाया है. आज होती तो तेरा टिकट यूँ निकाल देती." पोरगा बिचारा जरा चार घास जास्त खायचा.

"तुम्ही ललिताअक्का ना?"

शेजारी एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस उभा होता. खांद्याला बॅग, हातात पांढऱ्या फुलांचा पुडा. अंगावरच्या शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"मी सुदर्शन. मॅडमच्या हाताखाली शिकलो. आता संस्थेत त्यांच्याच खोलीत बसतो."

"अगं बया, तुमीच व्हय ते! नवनाथ म्हणला व्हता, पुण्याचं सर येणार भाषणाला. जयभीम."

"जयभीम अक्का." त्यानं पुन्हा वर पाहिलं. "हे कोणी लिहिलं?"

"आमच्या नवनाथनं. का वं? नाव चुकलं का काय?"

"नाव बरोबर आहे," सुदर्शन अवघडून म्हणाला. "बाकीचं मॅडमचं नाही."

म्हणजे काय म्हणतो हा माणूस? आज विहारात कार्यक्रम. शिरूरच्या एका कॉलेजनं कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेला गौतमीचं नाव द्यायचं ठरवलेलं. दारावर काळ्या दगडाची पाटी बसणार, पाथरवट मजकुराची वाट बघत थांबलेला, आणि तो मजकूर घरातल्या थोरल्या माणसानं, म्हणजे अक्कानं, आज सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा होता. नवनाथनं तो फोनवर तिच्याकडून पाठसुद्धा करून घेतला होता. फ्लेक्सवर होता तोच.

"घरी चला," ती म्हणाली. "आन् हितं कुणाला काय बोलू नका."

नवनाथ, तिचा धाकटा भाऊ, डेपोत लिपिक. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ओसरीवर फोनवर मंडपवाल्याशी भांडत होता. सीमानं, त्याच्या बायकोनं, पाहुणा बघून लगबगीनं चहा ठेवला. आतल्या खोलीत सरूबाई, ह्या भावंडांची आई, पांढरं लुगडं नेसून खाटेवर बसली होती. तिला हल्ली कमी ऐकू येतं असं घरात सगळे धरून चालत. तसं धरल्यानं बोलायला बरं पडायचं.

चहाचे कप हातात आले आणि घरामागच्या रुळावरून गाडीचा आवाज आला. भांडी थरथरली. तशी अक्काचा कप ओठाशीच थांबला, नवनाथचा गुडघ्यावर, सीमाचा हात ताटलीतल्या बिस्किटावर. धडधड धडधड करत शेवटचा डबा गेला, आवाज पातळ झाला, आणि नवनाथ सवयीनं पुटपुटला, "गेली नीट." मग सगळ्यांनी घोट घेतला.

सुदर्शन मात्र कप विसरून त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"हे... हे तुम्ही काय केलंत?"

"काय केलं?" सीमा गोंधळली.

"थांबलात. सगळे. मॅडमही थांबायच्या! आमच्या संस्थेच्या मागून लाईन जाते. डबा खाताना गाडी आली की त्यांचा घास हातातच राहायचा. कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असू दे. आम्ही पोरं पैजा लावायचो, कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे कान दुखतात. विचारायची छाती झाली नाही कधी."

"अवो, ती आबांची रीत," अक्का म्हणाली आणि तिला हसू आलं. "आमचे वडील रेल्वेत सिग्नलच्या कॅबिनला व्हते. खटके वढायचे. घरी असले तरी जीव तिकडंच. गाडी आली की घास खाली, शेवटचा डबा गेला की 'गेली नीट' म्हणायचं आन् मग जेवायचं. आमाला वाटायचं समद्यांच्या घरी असंच आसतंय. लगीन होऊन मी सासरी गेले तवा कळलं. सासूला वाटलं, सून जेवताना रुसती."

सुदर्शन हसला नाही. कोड्यातला अडलेला तुकडा सापडावा तशी त्यानं मान डोलावली. "आता लक्षात आलं," एवढंच म्हणाला.

"सर, ते ऱ्हाऊ द्या," नवनाथनं फोन खिशात टाकला. "तुमच्या भाषणात रिझर्वेशनचं नीट खुलवून सांगा. पब्लिक समदी त्यासाठी येणार हाय."

आता आली का पंचाईत! अक्कानं सुदर्शनकडं बघितलं, सुदर्शननं कपाकडं.

"नवनाथराव, मॅडमचा रिझर्वेशनशी काही संबंध नव्हता."

"म्हंजी?"

"त्यांनी ते बनवलं नाही. त्यावर कधी कामही केलं नाही. ते दुसऱ्या लोकांचं काम आहे, हयात आहेत त्यातले काही. उद्या दगडावर ते कोरलंत आणि कुणी बोट ठेवलं, तर मॅडमचं जे खरं आहे तेही लोक खोटं धरतील."

नवनाथचा चेहरा उतरला, मग तापला. "असं कसं? तीच म्हणली व्हती की! डॉक्टरकी मिळाली तवा ह्याच वसरीवर बसून सांगितलं, 'मी रेल्वेच्या कॉम्प्युटरवर काम करते.' आन् तवाच स्टेशनात तिकिटाचा कॉम्प्युटर आला व्हता. रेल्वेचा दुसरा कुठला कॉम्प्युटर आसतो?"

दौंडच्या माणसाला दुसरा कुठला सुचणार? रेल्वे म्हणजे एक तर ड्युटी, नाही तर तिकीट. ओसरीवर पडलेला तो शब्द संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाला, आणि गौतमी पुढच्या खेपेला आली तेव्हा शेजारच्या हौसरावानं तिला हार घालून नागपूरची तिकिटं मागितली होती. तिनं एकदा 'नाही हो, मी सिग्नलच्या...' असं म्हणून बघितलं. पण आई तिच्या बाजूला उभी राहून सगळ्यांकडं असं काही बघत होती, की ती गप बसली. तेव्हापासून दरसाल दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणाऱ्या बायकांची नावं तिच्याकडं जायची आणि तिकिटं यायची.

"थांबा थांबा," सीमा मध्येच म्हणाली. इतका वेळ ती नवऱ्याच्या बाजूनं मान हलवत होती, ती हलायची थांबली. "तिचं मशीन नव्हतं, तर मग आमची तिकिटं कुठनं यायची? मोबाईल तर आत्ता आले. माझ्या माहेरची, हौसरावांची, विहारातल्या म्हाताऱ्यांची, समद्यांची यायची की."

सुदर्शननं चष्मा काढला. "रांगेतून."

"कुणाच्या?"

"पुणे स्टेशनच्या. खिडकी उघडायच्या आधी जाऊन बसायच्या. पुस्तक घेऊन. फार नावं असली की आम्हा विद्यार्थ्यांपैकी एखाद्याला दुसऱ्या खिडकीला उभं करायच्या. मी चार दसरे उभा होतो. माझा प्रबंध निम्मा त्या रांगेत सुधारलाय मॅडमनी. मला वाटायचं, घरच्यांना ठाऊक असेल."

सीमानं पदर तोंडाला लावला. अक्काला आठवलं, एका वर्षी दोन तिकिटं वेटिंगवर राहिली होती आणि तिनं फोनवर गौतमीला ऐकवलं होतं, 'घरचं मशीन आन् घरच्यालाच वेटिंग व्हय गं?' पलीकडून गौतमी हसली होती. नुसती हसली होती, मेली! अक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. राग आला, माया आली, दोन्ही एकदमच.

"हे बघा," नवनाथ आवाज खाली आणून म्हणाला, "जे झालं ते झालं. पर आईला हे कळता कामा नये. तिचं उभं आयुष्य ह्याच्यावर गेलंय. आबा गेल्यावर लोकं तिला 'कॅबिनवाल्याची' म्हणायची, ती 'रिझर्वेशनवाल्या डॉक्टरबाईची आई' झाली. आज भर विहारात तुमी म्हणणार, ते समदं खोटं व्हतं? म्हातारी तिथंच बसंल. अक्का, तू ठरलेलंच वाच. दगडाला काय कळतंय?"

"दगडाला न्हाई कळत," सीमा एकदम म्हणाली, "पर वाचणाऱ्या पोरींना कळंल की. लोकाचं काम ताईंच्या नावावर? ताईंना चाललं आसतं?"

"तू गप!"

"ती का गप? तू गप," अक्का म्हणाली. भावजयीची बाजू तिनं लग्नापासून आज पहिल्यांदा घेतली असेल. दोघींनाही ते जरा नवलाचं वाटलं. मग तिनं डोळे पुसले आणि सुदर्शनपुढं पाट ओढून बसली. "सर, एक सांगा. तिनं ते केलं न्हाई ना, मग तिनं केलं तरी काय? जलमभर पुस्तकात डोकं खुपसून बसली. लगीन केलं न्हाई, सणाला आली तरी कागद घेऊन. मला सांगा. मला कळंल असं सांगा."

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पाटीसाठी नव्हे. बहीण वर्षभरापूर्वी गेली होती आणि ती कोण होती हे अक्काला ठाऊक नव्हतं, हे तिला आज, ह्या पाटावर बसून कळत होतं.

सुदर्शन पुढं सरकला. "आबांची कॅबिन आठवते?"

"आठवती म्हंजी? डबा घेऊन मीच जायची की."

"एक खटका ओढला की दुसरा अडायचा?"

"व्हय! आबा म्हणायचे, हिला वाट दिली की तिचा खटका जाम. राक्षस आला तरी वढायचा न्हाई."

"ते लोखंड आता गेलं, अक्का. त्याच्या जागी कॉम्प्युटर आले. त्यांना लिहून दिलेलं असतं, ह्या गाडीला ही वाट दिली तर त्या गाडीला द्यायची नाही. पण लिहिणार माणूसच. एखादी गोष्ट त्याच्या ध्यानातून सुटली तर? हजार गाड्या नीट जातील, आणि एखाद्या दिवशी नेमकी तीच वेळ जुळून येईल."

"दोन गाड्या एका रुळावर," नवनाथ नकळत बोलून गेला.

"मॅडम ती सुटलेली गोष्ट आधीच धुंडाळायच्या. एकही गाडी सोडण्याआधी, गणितानं. आणि नुसती धुंडाळायच्या नाहीत. अशी एकही जागा उरलेली नाही, हे पक्कं कसं करायचं, त्याची रीत त्यांनी बसवली."

अक्का विचारात पडली. "म्हंजी डाळ निवडल्यागत. खडा घावला तर दावता येतो. पर न्हाईच घावला, तर डाळीत खडा न्हाई हे कुणाला कसं दावायचं?"

"तेच! अगदी तेच. ते दाखवायची रीत. बाहेरच्या देशांत ती शिकवतात. जर्मनीतल्या पुस्तकात तिचं नावच आहे, 'ओहोळ रीत'."

"ओहोळ?" नवनाथ उठून उभा राहिला. "आपलं आडनाव?"

"तुमचंच."

नवनाथ खाली बसला. शाळेत ह्या आडनावावर हजेरी घेताना मास्तर कसे थांबायचे, ते तिघा भावंडांनी तीन वेगवेगळ्या इयत्तांत सोसलं होतं. पुढं खोली भाड्यानं घेताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी, लोक ते आडनाव ऐकून पुढचा प्रश्न न विचारता गप्प होत. "तिथली पोरं म्हणतात 'ओहोळ'?" त्यानं विचारलं. "आन् त्यास्नी काय कळतं त्यावरनं?"

"रीत कळते. दुसरं काहीच नाही."

नवनाथनं रुमाल काढून चेहरा पुसला. पण गडी हेकट, लगेच कसा वळेल? "ते समदं खरं सर. पर लोकांना काय सांगायचं? तिनं काय बनवलं? काय नाही. काय झालं तिच्यानं? काय झालं न्हाई. 'हिच्या कामानं काय झालं न्हाई' असं पाटीवर लिवायचं का? हसतील लोकं."

"हसतील की," आतून आवाज आला. "तवाबी हसले व्हते."

सरूबाई दाराची चौकट धरून उभी होती. कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीनं सगळं ऐकलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नवनाथ धावला. तिनं त्याचा हात बाजूला केला आणि अक्काशेजारी बसली.

"आई, तू मनाला लावून घेऊ न..."

"गप रं. मला ठावं हाय ती रांगेत बसायची ते. डोळ्याचं आपरेशन झालं तवा पुण्यास्नं येताना मी बघितली तिला. स्टेशनात भुईवर पेपर टाकून बसलेली, नाकाला पुस्तक लावून. मी तोंड फिरवलं आन् गाडीत जाऊन बसले."

"आन् बोलली न्हाईस?" अक्का ओरडलीच.

"ती मला सांगंना, म्हंजी तिला सांगायचं नव्हतं. तिला वाटायचं मला वाईट वाटंल. मला वाटायचं तिला वाटंल. आन् खोटं कशाला बोलू, दसऱ्याला तिकिटं तर लागायचीच की!" म्हातारी हसली. ती सुदर्शनकडं वळली. "बाबा, तू व्हतास ना संगं? तिचे पाय दुखायचे का रं? लहानपणापास्नं तिचे गुडघे नाजूक."

सुदर्शननं मान हलवली, ती 'हो' होती की 'नाही' ते त्यालाच ठाऊक.

सरूबाईनं पदरानं डोळे टिपले. "हसायचं म्हणतो नवनाथ. ह्यांचा निरोपसमारंभ तू इसरलास? सायेब उठला बोलायला. दुसऱ्याचं सांगितलं, ह्यानं आग विझवली, त्यानं पळत जाऊन पोरगं वाचवलं. ह्यांच्या नावाला आला आन् अडला. म्हणला, 'सावळारामच्या काळात काहीच घडलं नाही.' समदी खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर गौतमीनं, शाळेत व्हती ती, इचारलं, 'आबा, तुमाला वाईट न्हाई वाटलं?' तर ह्यांनी नारळ खाली ठिवला आन् म्हणले, 'अगं येडे, माझ्या कॅबिनीखालनं गेलेली माणसं घरी जाऊन जेवली. त्यातल्या एकालाबी माझं नाव ठावं न्हाई. ह्याच्यापरीस मोठी शाबासकी कोणती?' पोरगी त्यांच्याकडं बघतच ऱ्हायली. मला त्या बघण्याचा अर्थ आज लागला बघ." तिनं अक्काच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ललिता, खरं तेच वाच. माझी काळजी नगं. मला कॅबिनवाल्याची म्हणली लोकं तरी चालंल. ती तर कॅबिनवाल्याचीच निघाली."

विहारात त्रिशरण-पंचशील झालं, फुलं वाहिली, आणि अक्का माईकपुढं उभी राहिली. मोठ्यानं बोलायची सवय तिला खानावळीची, सभेची नाही. समोर अख्खी गल्ली बसलेली, पहिल्या रांगेत विहार समितीचे अध्यक्ष हौसराव, कडेला शिरूरच्या कॉलेजचे दोघे. पाठ केलेलं तिनं तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही.

"जयभीम. बाहेर फ्लेक्सवर लिवलंय ते खरं न्हाई. माझ्या बहिणीनं तिकिटाचं मशीन बनवलं नव्हतं."

कुजबूज उठली. "मग आमची तिकिटं?" मागून एका म्हातारीनं विचारलंच.

"ती रांगेत उभी ऱ्हायची. तुमच्यासाठी, माझ्यासाठी. दरसाल."

हौसरावानं डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. "अरारारा," तो सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "आन् मी तिला खालचा बर्थ दिला न्हाई म्हणून बोललो व्हतो." कुणीतरी हसलं, मग बऱ्याच बायका पदरात तोंड घालून रडल्या.

अक्का थांबली नाही. खटक्यांचं सांगितलं, डाळीचं सांगितलं, आबांच्या नारळाचं सांगितलं. सांगताना चुकली तिथं सुदर्शनकडं बघायची, तो मान डोलवायचा. आणि शेवटी पाटीचा मजकूर सांगायची वेळ आली तेव्हा ती अडखळली. तो कुणी लिहिलेलाच नव्हता. तेवढ्यात बाजूनं नवनाथ उठला, गल्लीतला सगळ्यात हेकट माणूस, आणि माईक न घेताच कॉलेजवाल्यांकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाला, "लिवून घ्या सर. 'डॉ. गौतमी सावळाराम ओहोळ, संगणक संशोधक. यांच्या कामामुळे जे घडले नाही, त्याच्या आठवणीसाठी.'"

कुणी हसलं नाही.

मग पंगत बसली. अक्कानं खिरीचं पातेलं हाती घेतलं. विहाराच्या मागं रूळ, खिडक्या उघड्या. पहिला घास लोकांच्या तोंडात जातो न जातो तोच गाडी आली. भिंती थरथरल्या, फोटोवरचा हार हलला. पंगत जेवत राहिली, कुणी मान वर केली नाही, करायचं कारणच काय? फक्त अक्काचा डाव पातेल्यात थांबला, सीमाचा हात थांबला, नवनाथचा, म्हातारीचा, आणि त्यांच्या ओळीत बसलेल्या सुदर्शनचा. खिडकीतून डब्यांमागून डबे जात होते. दारात बसलेली पोरं, काचेला नाक लावलेलं लेकरू, डबा उघडून जेवायला बसलेलं एक नवराबायकोचं जोडपं. अक्कानं ती सगळी तोंडं जमतील तेवढी बघून घेतली.

शेवटचा डबा गेला.

"गेली का गं नीट?" सरूबाईनं विचारलं.

"गेली, आई."

"मग वाढ की. खीर निवती."